प्रश्न इथले, अभ्यासक कुठले?

बोईसर स्टेशनाच्या पश्चिमेला बाहेर पडलं की रिक्षा तारापूरच्या दिशेने निघते. आधी लागते औद्योगिक वसाहत : रसायनं, औषधं, कापड, पोलाद. पुढे किनाऱ्यावर देशातलं पहिलं अणुवीज केंद्र. तिथून दक्षिणेला उच्छेळी-दांडी, नवापूर, आलेवाडी, मुरबे आणि खाडीपलीकडे सातपाटी ही मच्छीमारांची गावं. उत्तरेला चिंचणी, वरोर आणि वाढवण. रेल्वेच्या पूर्वेला डोंगरांकडे सरकलं की वारली, कातकरी, मल्हार कोळी यांचे पाडे.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्याच्या या एका तुकड्यात किती गोष्टी एकवटल्या आहेत, ते पाहा. अणुभट्ट्या आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत वरच्या क्रमांकावर आलेली वसाहत आहे. वाढवणला देशातल्या सर्वांत मोठ्या बंदरांपैकी एक उभं राहणार आहे. बुलेट ट्रेनचं स्थानक बोईसरला ठरलेलं आहे. मुरब्यालाही बंदराचा प्रस्ताव आहे. आणि या सगळ्यांच्या मधोमध शेती, वाडी, मासेमारी आणि मजुरी करून जगणारी लाखो माणसं आहेत.

यातल्या प्रत्येक गोष्टीतून एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत समोर येतो. कोणाच्या सोयीसाठी कोणी किती सोसायचं, आणि ते ठरवायचं कोणी? वीज किती निघेल हे अभियंता सांगतो. जमीन कोणत्या कलमाखाली घेता येईल हे वकील सांगतो. पण ती घेणं न्याय्य आहे का, आणि असेल तर कोणत्या अटींवर, हे शिस्तीने तपासण्याचं शास्त्र वेगळं आहे. त्याला व्यावहारिक नीतिशास्त्र म्हणतात. जगातल्या नामांकित विद्यापीठांत या अभ्यासासाठी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना खास फेलोशिप मिळते. माझं म्हणणं असं, की अशा फेलोशिपची सर्वांत जास्त गरज पालघर-बोईसर-तारापूरला आहे, आणि ती इथल्याच मुलामुलींना, इथल्याच भाषेत काम करण्यासाठी मिळायला हवी.

वेळ विकत घेण्याची सोय

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या उत्तरेला हडसन नदीकाठच्या एका गावात डॅनियल कॅलाहन आणि विलार्ड गेलिन यांनी एक छोटी संस्था सुरू केली. ती पुढे हेस्टिंग्ज सेंटर म्हणून ओळखली जाऊ लागली. कृत्रिम श्वासयंत्र आलं होतं, अवयवरोपण सुरू झालं होतं. यंत्र कधी बंद करायचं, मृत्यू कशाला म्हणायचं, हे प्रश्न डॉक्टरांपुढे रोज उभे राहत होते. कॅलाहन तत्त्वज्ञ होते, गेलिन मनोविकारतज्ज्ञ. दोन वेगळ्या विद्याशाखांच्या माणसांनी एका टेबलाशी बसल्याशिवाय असे प्रश्न सुटत नाहीत, हे त्यांनी ओळखलं.

१९७१ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठात केनेडी इन्स्टिट्यूट निघाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या टस्कीगी प्रयोगाची बातमी फुटली. उपदंशाची लागण झालेल्या गरीब कृष्णवर्णीय पुरुषांना १९३२ पासून चाळीस वर्षं, उपाय उपलब्ध झाल्यावरसुद्धा, उपचारांविना ठेवून त्यांच्यावर रोगाचा परिणाम कसा होतो हे नोंदलं जात होतं. त्या धक्क्यानंतर संशोधनाची नीती हा विद्यापीठांच्या दृष्टीने टाळता न येणारा विषय झाला. १९८६ मध्ये हार्वर्डला डेनिस थॉम्सन यांच्या पुढाकाराने नीती आणि व्यवसाय यांचा स्वतंत्र उपक्रम सुरू झाला. २००२ मध्ये ऑक्सफर्डला जपानच्या उएहिरो प्रतिष्ठानाच्या देणगीतून व्यावहारिक नीतिशास्त्राचं केंद्र उभं राहिलं.

या फेलोशिपची रचना साधी असते. पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षभराचा खर्च दिला जातो, म्हणजे त्याला त्या काळात शिकवण्या किंवा नोकरी करावी लागत नाही. दर आठवड्याला सगळे फेलो एकत्र बसतात. त्यांत कोणी तत्त्वज्ञानाचा असतो, कोणी कायद्याचा, कोणी वैद्यकाचा, कोणी राज्यशास्त्राचा. एकाने आपलं प्रकरण मांडायचं, बाकीच्यांनी ते उलटसुलट तपासायचं. वर्षाच्या शेवटी तत्त्वज्ञाला रुग्णालय कळलेलं असतं आणि डॉक्टरला युक्तिवाद.

पैशांचा मुद्दा इथे मध्यवर्ती आहे. नीतीच्या अभ्यासातून पेटंट निघत नाही आणि कोणतंही उत्पादन बाजारात येत नाही, त्यामुळे त्याला गिऱ्हाईक नसतं. उलट ज्या निर्णयांची तपासणी करायची, त्यांच्या बाजूने बोलणारे तज्ज्ञ पगारी असतात. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेनुसार प्रकल्पाचा अहवाल तयार करणाऱ्या सल्लागाराला नेमतो आणि पैसे देतो तो प्रकल्प उभारणाराच. त्या शेकडो पानांच्या इंग्रजी अहवालाचा स्थानिक भाषेत मिळतो तो फक्त सारांश. जानेवारी २०२४ मध्ये वाढवण बंदराची जनसुनावणी झाली, तेव्हाही नियम हाच होता. मंचावर अहवाल असतो आणि समोर अनुभव असतो. त्या अनुभवातून युक्तिवाद घडवायला अभ्यास लागतो, आणि अभ्यासाला वेळ लागतो. तो वेळ कोणीतरी विकत घेऊन द्यावा लागतो.

दक्षिणा, अमळनेर, बडोदा

विचार करणाऱ्याच्या पोटापाण्याची सोय समाजाने करावी, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. पेशवाईत पुण्याला श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. पेशवाई संपल्यावर, १८१८ नंतर, ब्रिटिश प्रशासक एल्फिन्स्टनने त्या निधीचा काही भाग १८२१ मध्ये पुण्याच्या पाठशाळेकडे वळवला. पुढच्या पिढीतल्या सुधारकांनी मागणी केली, की या पैशातून मराठी ग्रंथांना उत्तेजन द्या. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी आली आणि पुढे महाविद्यालयांत ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. महादेव गोविंद रानडे हे त्यांतलेच एक. धर्मदाय म्हणून वाटला जाणारा पैसा अशा रीतीने विद्येकडे वळला, आणि त्यातून घडलेल्या माणसाने विधवाविवाहापासून शेतकऱ्याच्या कर्जापर्यंतचे प्रश्न सार्वजनिक चर्चेत आणले.

दुसरं उदाहरण खानदेशातलं. १९१६ मध्ये अमळनेरला प्रतापशेठ या उद्योगपतीने तत्त्वज्ञान मंदिर उभारलं. तिथे तत्त्वज्ञानाच्या पदवीधरांना विद्यावेतन देऊन राहण्याची आणि अभ्यासाची सोय होती. देशभरातले अभ्यासक त्या छोट्या गावात येऊन राहत. १९२३ च्या सुमाराला पांडुरंग सदाशिव साने नावाचा तरुण तिथे फेलो म्हणून आला. अद्वैताच्या अभ्यासात त्याचं मन फार काळ रमलं नाही. १९२४ मध्ये तो त्याच गावातल्या शाळेत शिक्षक झाला आणि मुलांचा साने गुरुजी झाला. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी प्राणांतिक उपोषण केलं. त्यांच्या आयुष्याकडे पाहून मला वाटतं ते असं : अमळनेरच्या फेलोशिपमध्ये विचाराला जागा होती, पण समोरच्या समाजाच्या प्रश्नाला जागा नव्हती. ती असती, तर मंदिरप्रवेशाचा प्रश्न नीतिशास्त्राचा विषय म्हणून त्या इमारतीतच मांडला गेला असता.

तिसरं उदाहरण सगळ्यांत मोठं. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला महिन्याला साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. तिथे त्यांना जॉन ड्यूई हे शिक्षक भेटले. ड्यूई आणि जेम्स टफ्ट्स यांचा नीतिशास्त्रावरचा ग्रंथ १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. रूढीने चालत आलेली नीती आणि विचाराने तपासून स्वीकारलेली नीती यांतला फरक हा त्यातला कळीचा विषय. १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी ड्यूईंचं ऋण नावानिशी मान्य केलं आहे. मधल्या काळात, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी एक प्रश्न उभा केला : सार्वजनिक पाणी कोणाचं? व्यावहारिक नीतिशास्त्राचा याहून थेट प्रश्न आपल्या भाषेत कोणी विचारलेला नाही.

पेशव्यांची दक्षिणा एका जातीपुरती होती. त्या काळात विद्वानांनी कोणते प्रश्न घेतले आणि कोणते घेतले नाहीत, हे आपल्याला माहीत आहे. सयाजीरावांचे साडेअकरा पौंड ज्याच्या हातात पडले त्याने स्वतः तहान सोसलेली होती, म्हणून प्रश्न बदलला. फेलोशिप कोणाला मिळते यावर कोणता प्रश्न विचारला जाणार हे ठरतं.

भाभांची शाळा आणि किनाऱ्यावरचे प्रश्न

होमी भाभा स्वतः केंब्रिजला १९३४ मध्ये आयझॅक न्यूटन विद्यावृत्ती मिळवलेले विद्यार्थी होते. विद्यावृत्ती माणसाला कुठवर नेते हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. म्हणून १९५७ मध्ये त्यांनी ट्रॉम्बेला प्रशिक्षण शाळा काढली. देशभरातून विज्ञान आणि अभियांत्रिकीचे पदवीधर निवडायचे, त्यांना विद्यावेतन द्यायचं, वर्षभर शिकवायचं आणि मग अणुकार्यक्रमात घ्यायचं. अणुभट्ट्या बांधण्याच्या आधी त्या चालवणारी माणसं घडवण्याची ही दूरदृष्टी होती. तारापूरसारखी केंद्रं भारतीय हातांनी चालली याचं मोठं श्रेय त्या शाळेला आहे.

मला हवी आहे तीच दूरदृष्टी, दुसऱ्या बाजूलाही. वीज निर्माण करणारे घडवायला विद्यावेतन होतं. त्या विजेचा भार कोणावर किती पडावा, याचा विचार करणारे घडवायलाही ते असायला हवं होतं.

तारापूरची तिसरी आणि चौथी अणुभट्टी प्रत्येकी ५४० मेगावॅटची. चौथी २००५ मध्ये आणि तिसरी २००६ मध्ये सुरू झाली. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली. पुनर्वसनाचे वाद उच्च न्यायालयापर्यंत गेले. घराच्या बदल्यात घर आणि जमिनीच्या बदल्यात पैसा हा हिशेब मांडता येतो. किनाऱ्याचं मोल कसं मांडायचं? सकाळी भरती-ओहोटी पाहून दिवस ठरवणाऱ्या माणसाचं नेमकं काय गेलं? भरपाई एकदा देऊन जबाबदारी संपते, की प्रकल्प चालू आहे तोवर ती राहते? विस्थापिताच्या नातवाचा त्यावर हक्क आहे का? यावर नीतिशास्त्रात गंभीर लेखन झालेलं आहे. अक्करपट्टीचं नाव त्यात आलेलं मला पाहायचं आहे.

अणुप्रकल्पाचा आणखी एक प्रश्न काळाचा आहे. प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्य सुमारे २४,००० वर्षं. तारापूरच्या परिसरात अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेची आणि किरणोत्सारी कचरा काचेत बंदिस्त करण्याची सुविधा आहे. विजेचा उपयोग आजच्या दोन-तीन पिढ्यांना होतो आणि राखण पुढच्या असंख्य पिढ्यांना करायची असते. अजून न जन्मलेल्या माणसाची संमती घेता येत नाही. मग त्याच्या वतीने कोणी बोलायचं? केंद्राभोवतीच्या १६ किलोमीटरच्या आपत्कालीन नियोजन पट्ट्यात राहणाऱ्या कुटुंबांना हा प्रश्न कोणत्याही परिसंवादाहून जवळचा आहे.

औद्योगिक वसाहतीचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. शेकडो कारखान्यांचं सांडपाणी एका सामुदायिक प्रक्रिया केंद्रात यायचं आणि तिथून नवापूरच्या समुद्राकडे जायचं. जुन्या केंद्राची क्षमता दिवसाला २.५ कोटी लिटर. येणारं पाणी त्याहून जास्त. पुढे ५ कोटी लिटरचं नवं केंद्र आलं. २०१६ मध्ये अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभराहून अधिक कारखान्यांवर आणि सामुदायिक केंद्रावर भरपाईची जबाबदारी टाकली. मच्छीमारांच्या संघटनेने चिकाटीने लढून मिळवलेलं हे यश आहे, आणि ते तसंच नोंदवलं पाहिजे.

पण निकालानंतर नीतीचे प्रश्न सुरू होतात. शंभर नळ एका पाइपात मिळाल्यावर कोणता विषारी थेंब कोणाचा? दोष सर्वांत समान वाटायचा, की उलाढालीच्या प्रमाणात, की कोणी किती लपवलं त्यानुसार? भरपाई कोणत्या गावाला, कोणत्या कुटुंबाला? जाळं टाकणाऱ्याला मिळाली, तर मासळी वाळवणाऱ्या आणि बाजारात विकणाऱ्या बाईला का नाही? आणि ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी बोईसरजवळच्या रसायन कारखान्यातल्या स्फोटात जे मेले, त्यांच्यासारख्या कामगारांनी धोका ‘पत्करला’ होता असं म्हणायचं का? दुसरी नोकरी नसताना दिलेली संमती ही कितपत संमती असते, हा तर या शास्त्रातला जुना आणि न सुटलेला प्रश्न आहे.

वाढवणचा प्रश्न निर्णयाच्या सातत्याचा आहे. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते आणि २०१९ मध्ये निधन होईपर्यंत राहिले. १९९८ मध्ये या प्राधिकरणाने वाढवणचं बंदर नाकारलं. ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने, नव्या रचनेच्या बंदराला, अटींसह परवानगी दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर केला आणि ३० ऑगस्टला पालघरला पायाभरणी झाली. समुद्र तोच, गावं तीच. पंचवीस वर्षांत काय बदललं : बंदराची रचना, देशाची गरज, की नाजूक या गोष्टीची आपली समजूत? दोन्ही आदेश शेजारी ठेवून, प्रत्येक कारण वेगळं काढून तपासणारा एक चांगला प्रबंध झाला, तर तो देशभरच्या किनाऱ्यांना उपयोगी पडेल.

अभ्यासकाला गावाच्या आतले प्रश्नही टाळता येणार नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याने पापलेटला राज्य मासा म्हणून मान दिला, त्यामागे सातपाटीच्या मच्छीमार संस्थांचा आग्रह होता, कारण पापलेट झपाट्याने कमी होत आहे. प्रदूषण हे एक कारण. लहान पिल्लं पकडली जाणं हे दुसरं. सातपाटीचे वागरा जाळ्याने मासेमारी करणारे आणि वसई-उत्तनचे समुद्रात कवी (जाळी बांधायचे खांब) रोवणारे यांच्यात समुद्राच्या हद्दीवरून पिढ्यान्‌पिढ्या वाद आहे. समुद्र सगळ्यांचा असेल, तर कोणी किती घ्यायचं? हा प्रश्न बाहेरच्या कंपनीला जितका लागू आहे तितकाच आपल्या माणसालाही. ज्याला दोन्हीकडे सारख्याच कठोरपणे पाहता येतं, तोच खरा नीतीचा अभ्यासक.

अभ्यास कोणी करायचा : भूमी सेनेचा धडा

पालघर तालुक्याने या बाबतीत जगाला एक धडा पन्नास वर्षांपूर्वीच दिला आहे. १९७० च्या सुमाराला काळूराम धोदडे यांच्या नेतृत्वाखाली इथल्या आदिवासींनी बळकावलेल्या जमिनी परत घेण्याची चळवळ सुरू केली. ती भूमी सेना. सावकाराकडून लग्नासाठी कर्ज काढायचं आणि ते फेडण्यासाठी वर्षानुवर्षं राबायचं, या लग्नगड्याच्या पद्धतीविरुद्ध १९४५ मध्ये गोदावरी परुळेकरांच्या काळात वारल्यांनी उठाव केला होता. त्याच भूमीतली ही पुढची पिढी. भूमी सेनेने गावोगाव तरुण मंडळं उभारली, किमान वेतनासाठी लढा दिला आणि शिबिरांत बसून आपल्या परिस्थितीची चिकित्सा स्वतः केली. बाहेरच्या मदतनीसांनी मदत करावी, दिशा ठरवू नये, ही तिची भूमिका होती.

जी. व्ही. एस. डी सिल्वा, निरंजन मेहता, मोहम्मद अनिसुर रहमान आणि पोन्ना विज्ञराजा या अभ्यासकांनी या चळवळीवर लिहिलेला दीर्घ निबंध १९७९ मध्ये ‘डेव्हलपमेंट डायलॉग’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. लोकसहभागी संशोधनाच्या जगभरच्या चर्चेत तो आजही वाचला जातो. संशोधन हे लोकांवर करायचं नसून लोकांनी मिळून करायचं असतं, हा विचार ज्या अनुभवांतून पक्का झाला, त्यांत पालघरचा अनुभव आहे.

म्हणून पालघरच्या फेलोशिपची पहिली अट इथूनच यायला हवी. आदिवासी पाड्यांवर सर्वेक्षणं होतात, रक्ताचे नमुने घेतले जातात, मुलांची वजनं मोजली जातात. ती माहिती पुढे कुठे जाते, हे सांगणारं परत कोणी आलं पाहिजे. संशोधनाची परवानगी देणाऱ्या समितीत त्या पाड्याचा माणूस असला पाहिजे. प्रबंध ग्रामसभेत वाचून दाखवला गेला पाहिजे, आणि ग्रामसभेचा आक्षेप प्रबंधात छापला गेला पाहिजे.

मराठी मुलखात एक नवा विषय थोड्या पैशांत उभा राहू शकतो, याचा दाखला मुंबईत आहे. डॉ. अरुण बाळ, डॉ. सुनील पंड्या, डॉ. अमर जेसानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये वैद्यकीय नीतीवरचं एक लहानसं नियतकालिक काढलं. आज ते ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ म्हणून देशाबाहेरही वाचलं जातं. सेहत या संस्थेच्या पुढाकाराने आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं २००० मध्ये तयार झाली. २००५ मध्ये पहिली राष्ट्रीय जैवनीती परिषद मुंबईत भरली. रुग्णाची संमती, औषधचाचण्या, खासगी रुग्णालयांचे व्यवहार हे विषय भारतात अभ्यासाचे झाले ते काही डॉक्टरांनी संध्याकाळचा वेळ दिला म्हणून. कारखाना, बंदर, विस्थापन आणि समुद्र यांच्या नीतीसाठी असंच काम व्हायचं आहे, आणि ते संध्याकाळच्या उरल्या वेळावर सोडून चालणार नाही.

पैसा, परीक्षा आणि इथली मुलं

नीतिशास्त्र हा शब्द पालघरच्या अभ्यासिकांत आज अनोळखी नाही. २०१३ पासून केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २५० गुणांची नीतीची प्रश्नपत्रिका आहे आणि राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता त्याच धर्तीवर वर्णनात्मक झाली आहे. मुलं प्रकरणं सोडवतात : तुम्ही जिल्हाधिकारी आहात, एका कारखान्यामुळे नदी दूषित होते आहे, पण हजार जणांना रोजगार आहे, काय कराल? बोईसरच्या मुलासाठी हे प्रकरण खिडकीबाहेर आहे. परीक्षेत त्यावर थोडक्यात उत्तर लिहायचं असतं. त्याच मुलाला तीन वर्षं देऊन तीनशे पानं लिहायला सांगितलं, तर काय हाती लागेल याची कल्पना करा.

फेलोशिपची चौकट आपल्याकडे आहे. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती महिन्याला ३७,००० आणि वरिष्ठ ४२,००० रुपये झाली आहे. अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या वर्षाला ७५० जागा आहेत. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था अधिछात्रवृत्ती देतात. पण या जागा समाजगटांनुसार ठरतात. कोणते प्रश्न अभ्यासले जावेत याचा विचार त्यांत नाही. शिवाय पैसे वेळेवर आणि नोंदणीच्या दिवसापासून मिळावेत म्हणून संशोधकांना आंदोलनं करावी लागली आहेत. या राज्य संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठीच्या २४ डिसेंबर २०२३ च्या चाळणी परीक्षेत २०१९ च्या सेट परीक्षेतली प्रश्नपत्रिकाच आल्याने ती परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. घरी पैसे पाठवणाऱ्या पदवीधराला सहा महिने रखडलेली फेलोशिप परवडत नाही. तो औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामाला लागतो किंवा पहाटेच्या लोकलने मुंबई गाठतो. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली, त्यामुळे नोकरी जवळ आली. संशोधनही तसंच जवळ यायला हवं.

त्यासाठी फार मोठी रक्कम लागत नाही. दरवर्षी पाच फेलो निवडायचे, प्रत्येकाला ३७,००० रुपये महिना द्यायचे, तर वर्षाचा खर्च २२ लाख २० हजार. मुदत तीन वर्षांची धरली आणि एका वेळी पंधरा जण असले, तरी ६६ लाख ६० हजार. ज्या किनाऱ्यावर एकाच बंदराला ७६,२२० कोटी लागणार आहेत, तिथे ही रक्कम उभी करणं केवळ इच्छेचा प्रश्न आहे.

पैसा कोणाकडून घ्यावा, हा मात्र नीतीचाच प्रश्न आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात आणि शिक्षण त्यात बसतं. पण ज्याची तपासणी करायची त्याच्याकडून मानधन घेतलं, तर अभ्यासकाच्या हाताला वजन येतं. म्हणून निधी विद्यापीठाच्या एका सामाईक खात्यात यावा. कोणत्या देणगीदाराचा पैसा कोणत्या फेलोला गेला हे कळू नये. विषय, निवड आणि निष्कर्ष यांत देणगीदाराचा शब्द नसावा. आणि निम्म्याहून अधिक पैसा राज्याचा असावा. हीच अट प्रकल्पविरोधी संघटनांच्या देणग्यांनाही लागू करावी.

निवड एकाच शाखेतून नको. तत्त्वज्ञानाचा एक, कायद्याचा एक, रसायन अभियांत्रिकीची एक, परिचारिका किंवा डॉक्टर एक, समाजकार्याची एक, असे फेलो असावेत. त्यांतले किमान निम्मे याच जिल्ह्यातले असावेत. दर आठवड्याला बैठक व्हावी, महिन्यातून एक बैठक गावात व्हावी, आणि प्रबंध मराठीत लिहिण्याचा हक्क असावा. ही बैठक भरवायला पालघरला जागाही आहे. तिथलं महाविद्यालय ज्या सोनोपंत दांडेकरांच्या नावाने चालतं, ते १८९६ मध्ये केळवे-माहीमच्या मातीत जन्मलेले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि ज्ञानेश्वरीचे निष्ठावंत अभ्यासक. ज्ञानदेव आणि प्लेटो यांना शेजारी ठेवून त्यांनी मराठीत ग्रंथ लिहिला. जगाच्या तत्त्वज्ञानाशी मराठीतून बरोबरीने बोलता येतं, हे या तालुक्यातल्या माणसाने करून दाखवलेलं आहे.

फेलोशिप आली म्हणून बंदर थांबेल किंवा समुद्र लगेच स्वच्छ होईल, असा माझा दावा नाही. काही फेलो प्रकल्पाच्या बाजूने निष्कर्ष काढतील, आणि तोही प्रामाणिक असेल तर मान्य करावा लागेल. मागणी एवढीच आहे, की जो सोसतो त्याला कारणं मिळावीत, ती कारणं तपासलेली असावीत, आणि तपासणाऱ्यांत त्याचं स्वतःचं मूल असावं. मुंबई विद्यापीठ, राज्य सरकार आणि पालघरची महाविद्यालयं यांनी ठरवलं, तर पुढच्या शैक्षणिक वर्षात पहिले पाच फेलो कामाला लागू शकतात. बंदर, बुलेट ट्रेन आणि त्यांच्यामागून येणारे कारखाने यांचे निर्णय पुढची वीस वर्षं या जिल्ह्यात होत राहणार आहेत. नीतीचा अभ्यास निकालानंतर पोहोचला तर तो इतिहास होतो. तो जनसुनावणीच्या आधी पोहोचला पाहिजे.